एका ट्रकचा जमाखर्च
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘ट्रकमालक’ हा शब्द उच्चारला की सामान्यतः गळ्यात सोन्याची साखळी, दारात चार-पाच गाड्या आणि हाताखाली दहा माणसे असा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. गेल्या वर्षी वर्गात ‘उद्योजक कोणास म्हणावे’ यावर चर्चा चालू होती. तेव्हा माझ्या एका मैत्रिणीने माझ्याकडे बोट करून म्हटले, “हिचे वडील मालक आहेत, हिला काय कमी!” सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्या दिवशी घरी गेल्यावर मी अण्णांची हिशेबाची वही काढून बसले.

अण्णा सातवी शिकलेले. त्यांच्या वहीत डाव्या अंगाला आलेले आणि उजव्या अंगाला गेलेले, असे सरळ आकडे असतात. मात्र कोणत्याही पानाखाली बेरीज नसते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “बेरीज केली की गाडी चालवायला मन होत न्हाई.” प्रस्तुत लेख म्हणजे ती राहिलेली बेरीज करण्याचा एक अल्पसा प्रयत्न होय. आपल्या देशातील बहुतेक ट्रकमालक एका, दोन किंवा फार तर पाच गाड्यांचे धनी असतात. त्यांच्यापैकीच एकाचा हा हिशेब आहे. तो माझ्या घरचा असल्यामुळे मी अगदी तटस्थ राहिले असेन असा दावा करीत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी हट्ट धरून अण्णांबरोबर लातूर ते वाशी अशी एक फेरी केली. आईचा विरोध होता. “कॉलेजचा अभ्यास हाय म्हणती, जाऊ दे,” असे अण्णा म्हणाले आणि मी केबिनमध्ये चढले. लातुरात डाळमिलमधून अठरा टन तूरडाळ भरली. भाडे टनाला १,३५० रुपये, म्हणजे २४,३०० रुपये. हे भाडे मिलने ठरवलेले नसते, ते दलालाने सांगितलेले असते. मिलचा करार दलालाशी आणि दलालाचा शब्द आमच्याशी. भरती झाल्यावर दलालाच्या मुनीमाने २०,००० रुपये अॅडव्हान्स दिला. त्यातही १२,००० रुपयांची डिझेलची चिठ्ठी होती आणि ती एकाच ठरावीक पंपावर चालणारी होती. उरलेले ४,३०० रुपये म्हणजे ‘बाकी’. ही बाकी पोच आल्यावर मिळते. माल उतरवून घेणाऱ्याने सही-शिक्का मारून दिलेली पावती म्हणजे पोच. ट्रकवाल्याच्या बोलण्यात हा शब्द दिवसातून जितक्या वेळा येतो, तितक्या वेळा देवाचे नावही येत नसेल.

मालाबरोबर जे कागद असतात त्यांत बिल्टी मुख्य. बिल्टीवर माल कोणाचा, वजन किती, गाडीचा नंबर कोणता, हे सगळे असते. भाड्याच्या रकान्यात मात्र ‘टी.बी.बी.’ अशी तीन अक्षरे असतात. याचा अर्थ असा की भाड्याचे बिल दलाल नंतर मिलला पाठवील. किती रुपयांचे पाठवील हे गाडीवाल्याला कळायचे कारण नाही. अण्णा सहा वर्षे दुसऱ्यांच्या नावावरच्या गाड्यांवर आणि आता स्वतःच्या गाडीवर हे कागद वाहत आहेत. ती तीन अक्षरे म्हणजे दलालाचे नाव असावे असा त्यांचा बरेच दिवस समज होता.

मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करीत टेंभुर्णीला पुण्याच्या हमरस्त्यावर लागलो, तेव्हा अण्णा चहाला थांबले. मी केबिनमध्ये कागद चाळीत बसले होते. बिल्टीच्या मागे मिलचे इंग्रजी बिल टाचलेले होते, वाशीच्या व्यापाऱ्याच्या नावाचे. डाळीची किंमत, कर, आणि त्याखाली एक ओळ : वाहतूक, २९,७०० रुपये. मी दोनदा वाचले. अठराने भागले. टनाला १,६५० रुपये होतात.

अण्णा आल्यावर मी त्यांना ते दाखवले. त्यांनी कागद हातात घेतला आणि जिथे मी बोट ठेवले होते तिथेच बराच वेळ पाहत राहिले. दलाल मध्ये काही ठेवतो हे त्यांना ठाऊक होतेच. किती ठेवतो हे ठाऊक नव्हते. तो कागद इतकी वर्षे त्यांच्याच केबिनमध्ये, त्यांच्याच उशाशी प्रवास करीत होता. आमच्या घरात इंग्रजी वाचणारे कोणी नव्हते, एवढेच.

येथे न्यायाने सांगायला हवे की मधले ५,४०० रुपये सगळेच्या सगळे दलालाच्या खिशात जातात असे म्हणता येणार नाही. मिलनेही व्यापाऱ्याला चार पैसे वाढवून लावलेले असू शकतात. शिवाय दलाल आम्हाला अॅडव्हान्स आज देतो आणि त्याला मिलकडून पैसे दीड-दोन महिन्यांनी मिळतात. त्याचे ऑफिस आहे, मुनीम आहे, एखादी पार्टी बुडाली तर नुकसान त्याचे आहे. दलालाने काही घेऊच नये असे अण्णाही म्हणत नाहीत. परंतु बाजार समितीत शेतकऱ्याची अडत किती कापली हे पट्टीवर छापलेले असते. ट्रकवाल्याचे भाडे किती होते आणि त्यातून किती गेले, हे सांगणारी पट्टी मात्र कोठेच नाही.

वाशीला आम्ही बुधवारी सकाळी पोहोचलो. माल शुक्रवारी संध्याकाळी उतरला. व्यापाऱ्याच्या गोदामात जागा नव्हती, नंतर हमाल नव्हते, नंतर व्यापारी गावाला गेले होते. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने असते, म्हणजे रस्त्यात रेंगाळायची सोय नाही. बाजाराच्या फाटकाशी गाडीने किती दिवस उभे राहावे याची मुदत कोणत्याच कागदावर नाही. चोवीस तासांनंतर दिवसाला हजार रुपये हॉल्टिंग द्यायचे असे तोंडी ठरलेले होते. शुक्रवारी अण्णांनी फोन केला तेव्हा मुनीम म्हणाला, “पार्टी देईल तर तुम्हाला देऊ.” मग कळंबोलीला लोखंड बाजारात परतीच्या भाड्यासाठी शनिवार, रविवार काढले. तेथे ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांच्या सावलीत बायाबापड्यांविना संसार चाललेला असतो : कोणी स्टोव्हवर भात शिजवतो आहे, कोणी टायरला टेकून झोपला आहे. सोमवारी टनाला ९५० रुपयांनी सळया भरल्या आणि बुधवारी लातूर गाठले. आधीच्या सोमवारी भरती केली होती. म्हणजे एका फेरीला दहा दिवस लागले.

आता बेरीज. जाताना २४,३०० आणि येताना १७,१०० मिळून ४१,४०० रुपये. जाऊन-येऊन सुमारे हजार किलोमीटर. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे २५० लिटर डिझेल. नव्वदचा भाव धरला तर २२,५०० रुपये. टोल ५,२००, हा फास्टॅगमधून आधीच कापला जातो. क्लिनर आणि जेवणखाण १,८००, हमाली-वारणी १,०००, कमिशन आणि मुनशियाना १,२००. एकूण खर्च ३१,७०० आणि शिल्लक ९,७०० रुपये. अण्णा स्वतःच चालवतात म्हणून ड्रायव्हरचा पगार यात धरलेला नाही.

सात दिवसांत फेरी झाली तर महिन्यात चार फेऱ्या होतात आणि ३८,८०० रुपये उरतात. दहा दिवस लागले तर तीन फेऱ्या आणि २९,१०० रुपये. आमच्या गाडीचा हप्ता आहे २८,३३३ रुपये. म्हणजे तीन फेऱ्यांच्या महिन्यात आमच्या घरी ७६७ रुपये येतात. टायर, सर्व्हिसिंग आणि विमा अजून बाजूलाच आहेत. या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला सुमारे ४४ हजार रुपये होतो. भाडे टनाला शंभर रुपयांनी वाढावे असे सगळे ट्रकवाले म्हणतात. पण हा हिशेब मांडल्यावर माझ्या लक्षात आले की आमचे घर भाड्याइतकेच त्या फाटकाशी उभ्या राहिलेल्या दिवसांवर अवलंबून आहे. चौथी फेरी वाशीच्या फाटकात अडकते. तिची किंमत ज्याच्यामुळे गाडी थांबली त्याला भरावी लागत नाही.

हप्त्याचेही थोडे सांगते. २०२३ साली अण्णांनी वापरलेली दहाचाकी गाडी घेतली. कर्ज १० लाख, मुदत चार वर्षे, व्याज ‘नऊ टक्के’. वर्षाला ९० हजार याप्रमाणे चार वर्षांचे ३ लाख ६० हजार, मुद्दल मिळवून १३ लाख ६० हजार, भागिले ४८. हिशेब बरोबर आहे आणि तरीही फसवा आहे. कारण प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल कमी होत जाते, व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण दहा लाखांवर धरलेले असते. अर्थशास्त्राच्या मॅडमनी मला घटत्या शिलकेवर हेच गणित मांडायला सांगितले. दोन तास आकडेमोड केल्यावर उत्तर आले : सोळा टक्के. हे मी घरी सांगितले नाही. पुढे बोलता बोलता निघाले, तेव्हा आई म्हणाली, “आता कळून काय उपेग?”

कर्जाचा करार एकतीस पानांचा, इंग्रजीत. प्रत्येक पानावर अण्णांची मराठी सही आहे. तीही कशी, तर प्रत्येक सही सावकाश, रेघ न सोडता काढलेली. मी शब्दकोश घेऊन तो वाचायला आठ दिवस घेतले. गाडीच्या नोंदणी पुस्तकावर जो ‘हायपोथिकेशन’ शब्द असतो त्याचा अर्थ मला तेव्हा कळला : गाडी आमच्या ताब्यात, पण तारण म्हणून हक्क सावकाराचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा वित्तसंस्थांनी कर्जदाराला कराराची प्रत, शक्यतो त्याला समजणाऱ्या भाषेत, द्यावयाची असते आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस देणार हे करारात लिहावयाचे असते. वसुलीसाठी गुंडांचा वापर चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. आमच्या करारात नोटिशीचे कलम आहे. ते चोविसाव्या पानावर आहे आणि सही करताना ते अण्णांना कोणी वाचून दाखवले नव्हते.

तरीही ही गाडी आधीच्या गाडीपेक्षा बरी, असे अण्णा म्हणतात. ती गोष्ट २०२० ची. एका ठेकेदाराची कारखान्यात अटॅच असलेली गाडी अण्णांनी हप्त्यावर घेतली होती. व्यवहार असा होता : गाडी चालवायची, हप्ता भाड्यातून परस्पर कापायचा, सगळे हप्ते फिटले की गाडी नावावर करायची. तोवर नोंदणी ठेकेदाराच्या नावावर, परमिट त्याचे, भाडे त्यानेच ठरवायचे आणि माल दुसऱ्या कोणाचा भरायचा नाही. करार म्हणजे वहीतले एक पान. डिझेलची किंमत ऑक्टोबर २०१४ पासून सरकार ठरवीत नाही आणि २०१७ पासून ती रोज बदलू शकते. ठेकेदाराने ठरवलेले भाडे मात्र वर्षाचे. २०२१ च्या जानेवारीत मुंबईत डिझेल लिटरला ८१ रुपयांच्या आसपास होते, ऑक्टोबरमध्ये ते शंभराच्या पुढे गेले. त्या ऑक्टोबरची चिठ्ठी आमच्याकडे अजून आहे. महिनाभराच्या फेऱ्या, त्यातून वजा डिझेल, वजा हप्ता, वजा ‘ऑफिस चार्ज’. आणि शेवटी लिहिले आहे : तुमच्याकडून येणे ३,१४० रुपये. महिनाभर राबून माणूस उलट देणेकरी झाला होता. सतरा हप्ते, प्रत्येकी १८ हजार, म्हणजे ३ लाख ६ हजार रुपये कापले गेल्यावर ठेकेदाराने गाडी उभी करून घेतली. अण्णा मालक कधी झालेच नव्हते, म्हणून त्यांची गाडी गेली असेही कोणत्या कागदावर म्हणता येईना.

हा प्रकार आपल्याकडच्या अडाणीपणामुळे घडतो अशी माझी समजूत होती. सरांनी ग्रंथालयातून काही वाचायला दिले तेव्हा आढळले की अमेरिकेसारख्या देशातही हुबेहूब अशीच पद्धत आहे. तेथे वाहतूक कंपनी ड्रायव्हरला ट्रक भाडेपट्ट्याने देते, ‘पुढे तुझाच होईल’ असे सांगते, काम तिचेच करायचे, आणि पट्ट्याची रक्कम, इंधन, विमा त्याच्या कमाईतून कापते. काही आठवड्यांत हाती शून्य किंवा उणे येते अशा तक्रारी तेथील ड्रायव्हरांनी केल्या आहेत. तेथील सरकारने नेमलेल्या एका अभ्यासगटाने जानेवारी २०२५ मध्ये ही पद्धत बंदच करावी अशी शिफारस केली. विशेष वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. तेथे गाडी कंपनीकडे लावणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो, त्यात मोबदला व कपाती लिहाव्या लागतात, कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि मोबदला भाड्याच्या टक्केवारीवर असेल तर मूळ भाड्याचे बिल दाखवावे लागते. म्हणजे आमच्या ‘टी.बी.बी.’ला तेथे तेवढ्यापुरती तरी जागा नाही. दलालाच्या नोंदी पाहण्याचाही हक्क तेथे आहे. मात्र कित्येक दलाल करारातच तो हक्क सोडल्याचे लिहून घेतात!

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ज्या कलम ६७ मध्ये बसचे आणि रिक्षाचे भाडे ठरवण्याविषयी राज्य सरकारला अधिकार आहे, त्याच कलमात मालवाहू गाड्यांचे कमाल व किमान भाडे ठरवण्याविषयीही आहे. रिक्षाचे दरपत्रक आपण सर्वांनी पाहिले आहे. २००७ च्या रस्ते मालवाहतुकीच्या अधिनियमात माल पाठवणारा आणि बिल्टी देणारा यांच्या जबाबदाऱ्या सविस्तर आहेत. गाडीवाल्याची बाकी किती दिवसांत द्यावी, याविषयी मला त्यात ओळ आढळली नाही.

संघटना हा दुसरा मार्ग. हिमाचल प्रदेशात ट्रकमालकांच्या संघटना बळकट आहेत. बरमाणा आणि दाडलाघाट येथील सिमेंट कारखान्यांशी त्यांचा भाड्यावरून वाद झाला. कंपनीने हे दर परवडत नाहीत म्हणून १५ डिसेंबर २०२२ पासून कारखाने बंद ठेवले. ते दोन महिन्यांहून अधिक काळ बंद होते. २० फेब्रुवारी २०२३ रोजी तडजोड झाली : मोठ्या बहु-अॅक्सल गाड्यांना टनाला किलोमीटरमागे ९ रुपये ३० पैसे आणि लहान गाड्यांना १० रुपये ३० पैसे. आमचे लातूर-वाशीचे भाडे याच हिशेबाने पावणेतीन रुपये पडते. डोंगरातले घाटरस्ते आणि आपला सपाट हमरस्ता यांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे हे मान्य. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते असे की तेथे दर पैशापर्यंत वर्तमानपत्रांत छापून आला. मात्र ज्या गावी अशी संघटना असते तेथे बाहेरच्या गाडीला माल भरू देत नाहीत, हा अनुभव अण्णांनीही घेतला आहे. पंजाब सरकारने २०१७ मध्ये ट्रक युनियनांच्या मक्तेदारीविरुद्ध नियम केले ते काही उगीच नाही. आपल्याकडे २०१८ च्या जुलैत देशभर ट्रकचा संप आठवडाभर चालला. त्याच्या मागण्या डिझेल, टोल, विमा अशा सरकारकडच्या होत्या. दलालाकडच्या बाकीचा प्रश्न अशा संपात कसा निघावा? संपात दलाल आणि गाडीवाला एकाच मांडवात बसलेले असतात.

राहिला एक कायदा, २००६ चा, सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा. नोंदणी केलेल्या लघुउद्योगाचे बिल करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागते, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. माल वाहून नेणे ही सेवाही त्यात बसते. नोंदणीला पैसे पडत नाहीत. ग्रंथालयाच्या संगणकावर मी अण्णांची नोंदणी केली. प्रमाणपत्रावर त्यांच्या नावापुढे ‘सूक्ष्म उद्योग’ असे छापून आले. त्यांनी ते विम्याच्या कागदांबरोबर केबिनमध्ये ठेवले. तक्रार मात्र करायची नाही असे बजावले. “दुसरी भरती कोन देनार? तुझा कायदा?” या प्रश्नाचे उत्तर माझ्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

सुट्टीतल्या त्या फेरीची पोच आम्ही लातुरात आल्याच दिवशी दिली. ४,३०० रुपयांपैकी टीडीएस २४३, फाटक्या पोत्यांचे ६००, मुनशियाना ३०० आणि ‘उशीर’ म्हणून ३०० कापून २,८५७ रुपये एकेचाळिसाव्या दिवशी आले. हॉल्टिंगचे काही आले नाही. दहा किंवा त्याहून कमी गाड्या असणाऱ्याने पॅन आणि तसे लेखी निवेदन दिल्यास त्याचा टीडीएस कापायचा नसतो. ते निवेदन मी मराठीत आणि इंग्रजीत लिहून, अण्णांची सही घेऊन ठेवले आहे. हा लेख संपादकांकडे देईपर्यंत ते दलालाच्या टेबलावर पोहोचलेले नाही. गाडी सध्या त्याच दलालाच्या नंबरात तिसरी उभी आहे.